घास आणि श्वास

१. प्रस्तावना

अन्न आणि हवा यांवाचून माणूस जगू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने, म्हणजे घशातून, शरीरात प्रवेश करतात. दिवसातून शेकडो वेळा आपण गिळतो, हजारो वेळा श्वास घेतो आणि या दोन क्रिया एकमेकींच्या आड येत नाहीत. म्हणूनच त्यांच्याकडे आपले कधी लक्षही जात नाही. एखाद्या दिवशी मात्र जेवता जेवता घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडतो, डोळ्यांत पाणी येते आणि भरल्या ताटावर बसलेल्या माणसाचा जीव कंठाशी येतो. असे का होते, अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे सांगणारा हा माहितीपर पाठ आहे. शास्त्रीय विषय सोप्या, नेमक्या मराठीत कसा मांडला जातो, हेही आपण येथे पाहणार आहोत.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• गिळण्याची क्रिया स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• जेवताना श्वास अडण्याच्या निरनिराळ्या कारणांतील फरक ओळखू शकाल;
• घास अडकलेल्या व्यक्तीस प्रथमोपचार कसे द्यावेत, याचे क्रमवार वर्णन करू शकाल;
• घास, घसा, गळा व श्वास या शब्दांशी संबंधित वाक्प्रचारांचा अर्थ समजून उपयोग करू शकाल.

३. मूळ पाठ

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. लग्नाची पंगत बसली आहे. मसालेभात वाढून झाला आहे, मठ्ठ्याचे पेले भरले आहेत. आग्रहाला ऊत आला आहे. व्याह्यांनी पुढे होऊन वधूच्या काकांना एक अख्खा गुलाबजाम भरवला. त्याच क्षणी शेजारच्या पानावरून कोणीतरी विनोद केला. काका हसले आणि हसता हसताच थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला. खोकला आला नाही, शब्दही फुटला नाही. आपल्यामुळे पंगतीचा विरस नको म्हणून ते हात हलवीत उठले आणि मांडवामागे, हात धुण्याच्या जागेकडे चालू लागले.

"ठसका लागला वाटतं," आत्या म्हणाल्या, "पाणी द्या त्यांना."

"काका, वर बघा, वर बघा!" दुसरे कोणी म्हणाले.

वाढायला आलेली एक मुलगी मात्र हातातले पातेले खाली ठेवून त्यांच्या मागोमाग धावली. ती एका रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करीत असे. तिने विचारले, "काका, बोलता येतंय का तुम्हाला?" काकांनी मान हलवली. नाही. "पाणी नको कोणी देऊ," ती मागे वळून म्हणाली. तिने त्यांना कमरेतून पुढे वाकवले, एका हाताने छातीला आधार दिला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधोमध जोरात थाप मारली. एक, दोन, तीन. चौथ्या थापेसरशी अडकलेला तुकडा बाहेर पडला आणि काकांनी मोठा आवाज करीत श्वास घेतला. पंगतीतल्या बहुतेकांना काय घडले, हे कळलेही नाही.

काकांचे दैव बलवत्तर होते, असे कोणी म्हणेल. खरे पाहता त्यांना वाचवले ते त्या मुलीच्या दोन गोष्टींनी. ती त्यांच्या मागे गेली आणि तिने नेमका प्रश्न विचारला. या दोन्ही गोष्टींचे महत्त्व समजण्यासाठी आधी आपला घसा कसा काम करतो, ते पाहू.

(अ) एक चौक, दोन वाटा

घसा हा एक चौक आहे. तोंडातून येणारे अन्न आणि नाकातून येणारी हवा येथे एकत्र येतात. पुढे वाटा वेगळ्या होतात. समोरच्या बाजूस स्वरयंत्र व त्याखाली श्वासनलिका, तर तिच्या मागे अन्ननलिका. म्हणजे पोटाकडे जाणाऱ्या प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या दारावरून जावे लागते. या विचित्र रचनेचे आश्चर्य चार्ल्स डार्विन यांनीही १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

मग अपघात रोज का होत नाहीत? आपल्या कंठमण्यावर हलकेच बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर सरकून पुन्हा खाली येतो, असे जाणवेल. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यातील स्वररज्जू घट्ट मिटतात आणि जिभेच्या मुळाशी असलेले पानासारखे एक झाकण श्वासनलिकेच्या तोंडावर कलते. या झाकणाला 'एपिग्लॉटिस' म्हणतात. आरशात दिसणारी पडजीभ ती ही नव्हे. पडजीभ टाळूच्या मागच्या कडेला लोंबते. घास घशातून उतरण्यास सुमारे एक सेकंद लागतो. तेवढा वेळ श्वास आपोआप थांबतो आणि घास अन्ननलिकेत उतरला की पुन्हा सुरू होतो.

बोलण्यासाठी आणि हसण्यासाठी मात्र हवा आत-बाहेर व्हावी लागते. तोंडात घास असताना मोठ्याने हसले, तर हसण्याच्या शेवटी आपण जो खोल श्वास ओढतो, त्याबरोबर घासही आत ओढला जाऊ शकतो. 'जेवताना बोलू नये' या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात शिस्तीबरोबर शरीराचे हे शास्त्रही आहे.

(आ) ठसका आणि घुसमट

पाण्याचा थेंब किंवा भाताचे शीत स्वरयंत्राला लागले की ठसका लागतो. ठसका हा शत्रू नव्हे, पहारेकरी आहे. तो फुप्फुसांतील हवा जोराने बाहेर फेकतो आणि वाट मोकळी करतो. ज्याला जोरात खोकता येते, बोलता येते, त्याला खोकू द्यावे. त्याच्या पाठीत धपके घालू नयेत. 'खोका, आणखी खोका' एवढेच सांगावे आणि जवळ उभे राहावे.

घुसमट वेगळी असते. तीत आवाज नसतो. श्वासनलिका पूर्ण बंद झाली की हवा हलत नाही आणि हवा हलत नाही म्हणून खोकला, शब्द, किंकाळी यांपैकी काहीच उमटत नाही. माणूस दोन्ही हातांनी गळा धरतो, ओठ निळसर होऊ लागतात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर साधारण चार ते सहा मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे डॉक्टरांची वाट पाहण्याइतका वेळ येथे नसतो. जो जवळ असेल, तोच उपचार करणारा.

एके काळी अशा मृत्यूंचे खरे कारण ध्यानातही येत नसे. उपाहारगृहात जेवता जेवता माणूस कोसळला, तर 'हृदयविकाराचा झटका' असेच लोक म्हणत. १९६३ मध्ये अमेरिकेतील डॉ. हॉगन यांनी अशा काही मृत्यूंची माहिती प्रसिद्ध केली. शवविच्छेदनात हृदयविकार नव्हे, तर घशात अडकलेले अन्न आढळले होते. १९७४ मध्ये हेन्री हाइमलिक या शल्यचिकित्सकाने पोटावर दाब देण्याची पद्धत सुचवली. कल्पना सोपी होती. श्वास अडला, तरी फुप्फुसांत थोडी हवा शिल्लक असतेच. पोटावर खालून वर दाब दिला, तर ती हवा अडकलेला घास बाहेर ढकलते. २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, वृद्धांच्या निवासात जेवत असताना हाइमलिक यांनी शेजारच्या एका वृद्धेचा अडकलेला घास याच पद्धतीने स्वतः काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

(इ) काय करावे, काय करू नये

मोठी माणसे आणि एक वर्षावरील मुले यांच्यासाठी कृती पुढीलप्रमाणे:

१. विचारा : 'घास अडकला आहे का? बोलता येते का?' बोलता किंवा खोकता येत नसेल, तर लगेच मदत सुरू करा. दुसऱ्या कोणाला ११२ किंवा १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगा.
२. व्यक्तीला पुढे वाकवा. छातीला आधार देऊन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा.
३. घास न निघाल्यास मागे उभे राहा. एका हाताची मूठ बेंबीच्या वर, पण छातीच्या हाडाच्या बरीच खाली ठेवा. दुसऱ्या हाताने ती मूठ धरा आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्या.
४. घास निघेपर्यंत पाच थापा व पाच झटके आलटून पालटून देत राहा. गर्भवती स्त्री किंवा फार स्थूल व्यक्ती असेल, तर पोटाऐवजी छातीच्या मध्यावर दाब द्या.
५. व्यक्ती बेशुद्ध झाली, तर तिला जमिनीवर उताणे निजवा आणि छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वसनाची क्रिया सुरू करा. तोंडात घास दिसत असेल, तरच तो काढा.

एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर कधीही दाब देऊ नये. बाळाला आपल्या हातावर पालथे धरावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा.

घरात आपण एकटेच असू, तर खुर्चीच्या पाठीवर किंवा टेबलाच्या कडेवर पोटाचा वरचा भाग जोराने दाबावा. पोटावर झटके द्यावे लागले असतील, तर घास निघाल्यावरही डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण त्या दाबाने आतील अवयवांना इजा होऊ शकते.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाणी पाजू नये. बंद वाटेवर ते आणखी भर घालते. न दिसणारा घास काढण्यासाठी तोंडात बोटे घालू नयेत. तो आणखी खोल जातो. 'वर बघ' म्हणून मान मागे करायला लावू नये. डोक्यावर थापटून आपण धीर देतो खरे, पण त्याने घास हलत नाही.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे एकट्याने उठून जाणे. घास अडकलेला माणूस अनेकदा लाजतो. चारचौघांत शोभा नको म्हणून तो न्हाणीघराकडे जातो, आतून कडी लावतो आणि मदतीपासून दूर होतो. घास अडकला, तर गळ्याला हात लावून शेजाऱ्याला खूण करावी. यात लाजण्यासारखे काही नाही. जेवताना कोणी गप्प होऊन उठून गेला, तर त्याच्या मागे जावे. त्या मुलीने हेच केले होते.

(ई) घास न अडकताही घसा आवळतो

काही जणांना जेवताना घसा आवळल्याचा, श्वास अडल्याचा अनुभव पुन्हा पुन्हा येतो आणि घशात काही अडकलेले मात्र सापडत नाही. याची कारणे वेगवेगळी असतात.

पहिले कारण अ‍ॅलर्जी. शेंगदाणे, काजू, कोळंबी, खेकडे, मासे, अंडी, दूध यांपैकी एखादा पदार्थ काहींच्या शरीराला सोसत नाही. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास घरघरतो, चक्कर येते. १९०२ मध्ये पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या तीव्र प्रतिक्रियेचे वर्णन करून तिला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे पाठीवरच्या थापांचा उपयोग नाही. मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा यावरील पहिला उपचार होय. म्हणून रुग्णास चालायला न लावता तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरे कारण अन्ननलिकेत. घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, लाळही गिळता येत नाही. पण बोलता येते आणि श्वास चालू असतो. अन्ननलिका अरुंद झाल्यास किंवा तिला सूज आल्यास असे घडते. असे वारंवार होत असेल, विशेषतः वजन घटत असेल, तर दुर्बिणीतून तपासणी आवश्यक असते.

तिसरे कारण स्वररज्जूंचे आकुंचन. जठरातील आम्ल घशाशी आले किंवा चुकून पाण्याचा थेंब स्वरयंत्रात गेला, तर स्वररज्जू एकाएकी मिटतात. श्वास आत घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो. बहुधा मिनिटभरात हे आपोआप सुटते. तेवढा वेळ शांत राहून नाकाने सावकाश श्वास घेण्याचा प्रयत्न करावा.

चौथे कारण मनाशी जोडलेले आहे. चिंतेत असताना 'गळ्यात गोळा आला' असे वाटते. त्रास खराच असतो. मात्र तो बहुधा नुसता आवंढा गिळताना जाणवतो आणि अन्न गिळताना कमी होतो. एकदा घास अडकून घाबरलेला माणूस पुढे भीतीपोटी जेवण टाळू लागतो, हेही घडते. 'हे सगळे मनाचे खेळ' असे म्हणून त्याची चेष्टा करू नये आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तसा निष्कर्षही काढू नये.

आपल्याला असा त्रास होत असेल, तर एका वहीत नोंद ठेवावी. काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, बोलता येत होते का, अंगावर काही उठले का, त्रास किती वेळ टिकला. अशी चार ओळींची नोंद डॉक्टरांना निदानासाठी फार उपयोगी पडते. लिहिता-वाचता येण्याचा हाही एक लाभ आहे.

(उ) सावधगिरी

लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नयेत. धावता-खेळता खाऊ भरवू नये. वृद्धांची कवळी नीट बसते की नाही, ते पाहावे. पक्षाघात झालेल्या व्यक्तीस ताठ बसवून, लहान घास देऊन, घाई न करता जेवू घालावे. आणि आग्रह अवश्य करावा, पण तो शब्दांनी. दुसऱ्याच्या तोंडात घास कोंबून नव्हे.

४. पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर कलणारे झाकण : (क) पडजीभ (ख) एपिग्लॉटिस (ग) कंठमणी
२. जोरात खोकणाऱ्या व्यक्तीस : (क) पाणी पाजावे (ख) पाठीत धपके घालावेत (ग) खोकू द्यावे
३. पूर्ण घुसमटीचे लक्षण : (क) मोठा खोकला (ख) आवाज न फुटणे (ग) अंगावर गांधी उठणे

५. भाषा-विचार

(अ) शरीराच्या अनुभवातून भाषेला वाक्प्रचार मिळतात. पुढील वाक्प्रचार अभ्यासा.
• जीव कंठाशी येणे : अतिशय संकटात सापडणे
• तोंडचा घास काढून घेणे : हाताशी आलेला लाभ हिरावणे
• घास घशाखाली न उतरणे : दुःखाने वा काळजीने जेवण न जाणे
• गळा दाटून येणे : भावना अनावर झाल्याने बोलता न येणे
• सुटकेचा श्वास टाकणे : संकट टळल्याने हायसे वाटणे

लक्षात घ्या, 'घास घशाखाली उतरेना' हे वाक्य आई मुलाच्या काळजीने म्हणते, तेव्हा तो वाक्प्रचार असतो. रुग्ण डॉक्टरांना सांगतो, तेव्हा ते लक्षण असते. शब्द तेच, पण संदर्भाने अर्थ बदलतो.

(आ) संधी : श्वास + उच्छ्वास = श्वासोच्छ्वास; प्रथम + उपचार = प्रथमोपचार. दोन्ही ठिकाणी अ + उ = ओ झाला आहे.

(इ) पाठातील कृती सांगणारी वाक्ये पाहा. 'विचारा', 'वाकवा', 'थापा मारा' ही आज्ञार्थी रूपे आहेत, तर 'पाणी पाजू नये' हे विध्यर्थी रूप आहे. संकटकाळी वाचायच्या सूचना लहान वाक्यांत आणि क्रमाने लिहिल्या जातात.

६. आपण काय शिकलात

• अन्न व हवा यांच्या वाटा घशात एकमेकींना छेदतात; गिळताना श्वासनलिका क्षणभर बंद होते.
• ठसक्यात आवाज असतो, पूर्ण घुसमटीत नसतो.
• घुसमटलेल्या व्यक्तीस पाच थापा व पाच झटके आलटून पालटून द्यावेत. बाळांसाठी पद्धत वेगळी आहे.
• अ‍ॅलर्जी, अन्ननलिकेचे विकार, स्वररज्जूंचे आकुंचन व चिंता यांमुळेही घसा आवळल्याचा अनुभव येतो. निदान डॉक्टरांनी करावे.

७. पाठान्त प्रश्न

१. 'ठसका हा शत्रू नव्हे, पहारेकरी आहे' हे विधान स्पष्ट करा.
२. घास अडकलेल्या व्यक्तीने एकट्याने उठून का जाऊ नये?
३. घास अडकणे आणि अन्नाची अ‍ॅलर्जी यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. पाठातील कोणतेही तीन वाक्प्रचार वापरून आपल्या अनुभवातील एक प्रसंग लिहा.
५. उपक्रम : आपल्या घरासाठी 'घास अडकला तर' हा सूचनाफलक सहा ओळींत तयार करा, स्वयंपाकघरात लावा आणि घरातील प्रत्येकाला वाचून दाखवा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख) २. (ग) ३. (ख)